दर पावसाळ्यात केएच का पडतो: ठाण्यातल्या एका रीफ टाकीचा तपास

लक्षण आधी सांगतो. माझी खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी आहे. मे अखेरीस तिच्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, ८.२. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ७. जुलैच्या मध्यावर ५.८. खाण्याचा सोडा घालून वर आणला की दहा-बारा दिवसांत परत सहाच्या खाली. आणि दिवाळीच्या सुमारास काहीही न करता सगळं रुळावर. सलग तीन पावसाळे हेच चाललं होतं. तिन्ही वर्षांच्या नोंदी वहीत होत्या, पण त्या एकाखाली एक ठेवून पाहायचं सुचलं नाही. दर वेळी वाटायचं, या वर्षी काहीतरी बिघडलंय.

टाकी तीन फुटी, घोडबंदर रोडला सहाव्या मजल्यावर. खाली सम्प, म्हणजे पंप आणि हीटर ठेवायची जोडटाकी. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून खरं पाणी २०० लिटर. हा आकडा तुम्हीही एकदा नीट काढून ठेवा, पुढचे सगळे हिशोब त्यावरच आहेत. दुकानात सांगतात ते लिटर रिकाम्या काचेचे असतात.

टाकीत झेनिया, झोअँथिड, मशरूम आणि एक ताटाएवढा टोडस्टूल लेदर; सगळे चुन्याचा कठीण सांगाडा न बांधणारे. कठीण प्रवाळ नाहीत. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत; माझ्यासाठी तो विषय तिथेच संपतो. त्यामुळे सगळे विचारायचे, सांगाडा बांधणारं कुणी नाही तर तुझा केएच खातं कोण? रास्त प्रश्न आहे. उत्तर काचेवरच चिकटलेलं होतं, त्याकडे येतो.

आधी शब्दाचा घोळ

केएचला मराठीत 'क्षारता' म्हटलं की निम्म्या लोकांना खारटपणा वाटतो आणि निम्म्यांना पीएच. केएच यातलं काहीच नाही. पाण्यात आम्ल पडलं तर ते किती पचवता येईल, याचं ते माप आहे. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटमधून येते आणि थोडी कार्बोनेटमधून. चुनखडी बांधणारा प्रत्येक जीव हाच साठा वापरतो. उघड्या समुद्रात केएच साधारण ७ डीकेएच असतो (डीकेएच हे त्याचं एकक, मी त्याला अंशही म्हणतो). आपण टाकीत ८ ते ९ ठेवतो, कारण आपल्याकडे मागे समुद्र उभा नाही. चुकायला थोडी जागा लागते. पाणी तपासायची काही किट हेच मिलीइक्विव्हॅलंटमध्ये सांगतात, काही पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). १ मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे २.८ डीकेएच, म्हणजेच ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. हॅना कंपनीचा पीपीएमवाला डिजिटल चेकर १४३ दाखवत असेल तर घाबरू नका, तो ८ आहे.

पहिल्या वर्षी केलेला मूर्खपणा

पहिल्या जुलैत ५.८ बघितल्यावर मी स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणला आणि रात्री झोपताना दोन मोठे चमचे, शीग लावून, तांब्याभर पाण्यात ढवळून टाकीत ओतला. सकाळी झेनियाच्या मुठी मिटलेल्या, लेदर आक्रसून कातडं चढल्यासारखा, आणि केएच साडेअकरा. म्हणजे एका रात्रीत जवळजवळ सहा अंशांची उडी. लेदरने पुढचे बारा दिवस एक पॉलिप (फुलासारखं तोंड) बाहेर काढला नाही. आईचं म्हणणं वेगळंच होतं: "सोडा परत संपवलास? ढोकळ्याला ठेवला होता मी."

सोड्याचा हिशोब तोंडपाठ असू द्या. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. माझ्या २०० लिटरला ६ ग्रॅम. ते दोन भरगच्च चमचे पस्तीस ग्रॅमच्या घरात गेले असणार. चमचा हे माप नाही. ऑनलाइन मिळणारा छोटा पॉकेट काटा घ्या, ०.०१ ग्रॅमवाला. टेस्ट किटच्या खालोखाल उपयोगाची वस्तू तीच.

संशयित एकेक करून

दुसऱ्या पावसाळ्यात शहाणा झालो, सोडा मोजून घालू लागलो. पण पडणं थांबलं नाही. मग एकेकाची चौकशी सुरू केली. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी साधारण याच क्रमाने जावं, कारण स्वस्त आणि सोपं आधी.

पहिला संशयित, किट. माझं सॅलिफर्ट कंपनीचं, पण कपाट गॅसच्या ओट्याला लागून आणि बाटली उघडून वर्ष झालेलं. किट तपासायला नवं किट आणायची गरज नाही. एक लिटर डीआय पाण्यात (सगळे क्षार काढलेल्या) ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. त्यातलं १०० मिलि घेऊन परत डीआय पाण्याने एक लिटर करा. हे झालं १० डीकेएचचं पाणी, घरच्या घरी. किटने ९.५ ते १०.५ दाखवलं तर ते ठीक आहे. माझ्याने ९.७ दाखवलं. किट निर्दोष. मात्र सोडा नव्या पुडीतला घ्या आणि पावडर-सोडा यात गल्लत करू नका. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतो.

दुसरा, खारटपणा. पाणीच पातळ झालं असेल तर त्यातलं सगळंच पातळ होतं. ३५ पीपीटीला (हजारात ३५ भाग मीठ) ८ असलेला केएच ३१ पीपीटीला ७.१ दिसेल, आणि तुम्ही केएचच्या मागे धावाल. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घ्यावा लागतो. माझा दोन अंशांनी खोटं बोलत होता. सुधारला. केएचला त्याने फार फरक पडला नाही, पण मनातली एक शंका गेली.

तिसरा, पाणी. ठाण्याला भातसा नदीचं पाणी येतं, मऊ आणि बऱ्यापैकी सरळ. पण मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात, आणि टँकर बोअरवेलचा आहे की कशाचा हे वॉचमनलाही माहीत नसतं. म्हणून डीआय कार्ट्रिजनंतरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ० आहे ना, एवढंच बघायचं. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ चालणार नाही. त्यात चव यावी म्हणून टीडीएस मुद्दाम वर ठेवलेला असतो. काहींमध्ये तर खनिजांचं कार्ट्रिजच असतं. माझा ०. पुढे चला.

चौथा संशयित सगळ्यांचा लाडका: बंद खिडक्या. पावसाळ्यात खिडक्या बंद, घरात पाच माणसं, गॅस चालू, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच पडतो. हे खरं आहे. माझा पीएच जुलैत ७.८ असतो, उन्हाळ्यात ८.१. पण कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने केएच बदलत नाही. पीएच बदलतो, बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचं प्रमाण बदलतं, एकूण केएच तिथेच राहतो. पीएच कमी दिसला म्हणून केएच वाढवणाऱ्या पावडरी ओतणं हा या छंदातला फार जुना रोग आहे. पीएच हवा असेल तर खिडकी उघडा.

पाचवा, नायट्रेट. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं आणि केएच खर्च होतो. पण किती? नायट्रेट ५० पीपीएमने वाढलं तर केएच जेमतेम २.३ उतरतो. माझं नायट्रेट महिनाभरात ५ वरून १० झालं होतं, म्हणजे ०.२३. यासाठी मी दीड अंश पडल्याचा आळ त्याच्यावर घेणार नाही. मासे भरपूर, नायट्रेट शंभरावर आणि पाणी कधी बदलत नाही, अशा टाकीची गोष्ट वेगळी.

सहावा, मिठाची पिशवी. इथे मला वाटलं चोर सापडला. कोकणपट्टीच्या हवेत उघडी राहिलेली मिठाची पिशवी जुलैत गुळाच्या ढेपेसारखी होते. ओलसर मिठात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकमेकांना भेटतात आणि बादलीत घालायच्या आधीच त्यांचा थोडा चुना होऊन जातो. मिसळलेल्या बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो तो हाच. एप्रिलमध्ये त्याच पिशवीचं ताजं पाणी ८.२ दाखवत होतं, जुलैत ६.४. मी खूश. मग कागदावर मांडलं. दर आठवड्याला २० लिटर बदलतो, म्हणजे दहावा हिस्सा. टाकी ८ वर आणि नवं पाणी ६.४ वर असेल तर टाकी पडेल ०.१६. आठवड्याला! मीठ दोषी होतं, पण पाकीटमारीचं. दरोडा कुणीतरी दुसऱ्याने घातला होता. तरीही मीठ आता घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवतो, आणि ढेप फोडून वजन करून वापरत नाही, कारण त्या वजनात पाणी असतं.

सातवा, पंपावरचा थर. मॅग्नेशियम कमी असेल, किंवा सोडा आणि कॅल्शियम एकाच जागी एकामागोमाग ओतत असाल, तर चुना प्रवाळाऐवजी पंपाच्या पंख्यावर आणि हीटरवर बसतो. सम्पमधून पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप उघडला. पंख्यावर खडबडीत पांढरी पूड होती, पण नखाने निघेल एवढीच. अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवला, बुडबुडे आले, साफ झाला. मॅग्नेशियम १३२० होतं, व्यवस्थित. १२५० च्या बरंच खाली असतं तर आधी ते दुरुस्त केलं असतं, कारण मॅग्नेशियम कमी असताना केएच वर टिकवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

कॅल्शियमबद्दल एक गोष्ट, जिने मला खूप फसवलं. केएच पडतोय पण कॅल्शियम हलत नाही, म्हणजे हे चुनखडीचं काम नव्हे, असं मी धरून चाललो होतो. पण चुनखडी बनताना २.८ डीकेएचमागे कॅल्शियम फक्त २० पीपीएम जातं. केएच ८ वरून ६ वर आला तर कॅल्शियम ४२० वरून ४०६ वर. माझ्या किटवर हा फरक वाचायचा म्हणजे देवाचं नाव घेऊनच. केएच दोन अंश पडला की त्याच्या साठ्याचा पाव भाग रिकामा झाला. कॅल्शियमच्या साठ्याला तेवढ्यात ओरखडाही येत नाही. म्हणून केएच आधी बोंब मारतो.

खाणारा कोण

काच दर रविवारी ब्लेडने खरवडतो. ज्यांनी खरवडलंय त्यांना तो आवाज माहीत असेल, दातात जाणारा, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. निघतात ते गुलाबी-जांभळे खपले म्हणजे कोरलाइन शेवाळ, आणि ते शेवाळ म्हणजे रंगवलेली चुनखडी. मागची काच पूर्ण गुलाबी, दगड गुलाबी, पंपांची अंगं गुलाबी. शिवाय कोपऱ्यात हॅलिमेडाचा झुबका, ज्याची प्रत्येक हिरवी टिकली आतून चुन्याची असते. आणि गोगलगायी, नळीतले किडे.

रोजचा खप काढायचा तर केएच वाढवणारं सगळं दोन दिवस बंद ठेवून, ठरलेल्या वेळी केएच मोजायचा. वेळ तीच हवी. माझा खप ८ च्या आसपास असताना रोज ०.४ निघाला. कठीण प्रवाळ नसलेल्या टाकीला हा जास्तच, पण आकडा वजनात बघा: २०० लिटरमध्ये ०.४ डीकेएच म्हणजे दिवसाला सुमारे १.४ ग्रॅम चुनखडी. महिन्याला चाळीसेक ग्रॅम, सात-आठ अंड्यांच्या टरफलांइतकी. मागच्या काचेकडे बघितल्यावर मला ते अजिबात अशक्य वाटलं नाही.

पण शेवाळ तर मे महिन्यातही खात होतं. मग जूनमध्येच का पडतो?

कपडे

जूनच्या मध्यावर येऊरच्या डोंगरावरून ढग उतरले की आमच्या हॉलमध्ये कपड्यांचा स्टँड येतो. गॅलरीत काही वाळत नाही. तिसऱ्या वर्षी आई टाकीवरचा क्लिपचा पंखा काढून स्टँडला लावत होती. मी विचारलं, हे काय.

"दरवर्षी लावते की. टाकीला आता कशाला वारा? हवा थंड झालीये. या ओल्या टॉवेलला तरी लागू दे."

बरोबरच होतं. उन्हाळ्यात दोन पंखे पाण्यावर वारा मारत असतात, म्हणून चिलरविना पाणी २८ अंशांवर राहतं. पावसाळ्यात तापमानाचा प्रश्न नसतो. पंखा गेला तरी टाकीला काही होत नाही, असं मलाही वाटलं असतं. फक्त माझा वरच्या भरणाचा, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायचा डबा सम्पशेजारी होता, आणि त्यात साधं पाणी नव्हतं. त्यात चुन्याची निवळी होती.

शाळेत फुंकणीने फुंकून दुधाळ केली होती ना, तीच. छंदात तिला काल्कवासर म्हणतात. कॅल्शियम आणि केएच दोन्ही बरोब्बर त्या प्रमाणात देते ज्या प्रमाणात चुनखडी ते खाते, म्हणून ती मला आवडते. मी ती २० लिटरच्या डब्यात ६ ग्रॅम चुना घालून करायचो आणि फ्लोट वाल्व (तरंगत्या गोळ्याची तोटी) उडालेल्या पाण्याइतकी आपोआप सोडायचा. उन्हाळ्यात रोज साडेतीन लिटर पाणी उडतं, म्हणजे रोज १.०५ ग्रॅम चुना. १ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड १०० लिटरमध्ये केएच साधारण ०.७५ ने वाढवतं, म्हणून माझ्या २०० लिटरमध्ये रोजचे ०.४. खप ०.४, भरपाई ०.४. मे महिन्यात मी स्वतःला फार हुशार समजत होतो, तो सगळा योगायोग होता.

पावसाळ्यात पंखा कपड्यांकडे, हवा ओलीचिंब, आणि पाणी उडतं दिवसाला एक लिटर. चुना ०.३ ग्रॅम. भरपाई ०.११. रोज ०.२९ ची तूट, आठवड्याला दोन अंश. केएच पडला की शेवाळाची वाढही मंदावते, खप कमी होतो, म्हणून तो शून्यावर न जाता साडेपाच-सहाला थांबायचा. ऑक्टोबरमध्ये ऊन तापलं, पंखा परत टाकीवर आला की आकडा परत वर. दिवाळीचा चमत्कार म्हणजे हा.

नेरूळच्या मित्राच्या टाकीत याहून जास्त कोरलाइन आहे, आणि त्याचा केएच जुलैतही जागचा हलत नाही. तो डोसिंग पंपाने रोज ठरलेले मिलि देतो, भरणाच्या डब्यात साधं आरओ. दोन वर्षं मी त्याला विचारत होतो की मीठ कुठलं वापरतोस. विचारायला हवं होतं की तुझं पाणी किती उडतं, आणि त्याचा तुझ्या डोसशी काही संबंध आहे का.

आणखी एक भर पडते. डबा उन्हाळ्यात सहा दिवसांत संपायचा, पावसाळ्यात वीस दिवस पुरायचा. झाकणाला नळीसाठी भोक, आत हवा. निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि वर साय धरते. ती साय म्हणजे चुनखडीच, शाळेतला प्रयोग नाकासमोर. चुना घातला तेवढा टाकीत पोचतच नव्हता.

मी काय बदललं

लिटरमागे ग्रॅम हे डोक्यातून काढलं. दिवसामागे ग्रॅम धरलं. माझा आकडा १.०५. डब्यात जेवढं पाणी आहे ते किती दिवस पुरेल, गुणिले १.०५, इतका चुना. उन्हाळ्यात २० लिटर सहा दिवस, म्हणून ६ ग्रॅम. पावसाळ्यात १० लिटरच भरतो, ते दहा दिवस जातं, म्हणून १०.५ ग्रॅम. डब्यावर मार्करने तारीख लिहितो. अर्धाच भरण्यामागे दोन कारणं: साय धरायला वेळ कमी मिळतो, आणि फ्लोट अडकला तर नुकसान निम्मं. १०.५ ग्रॅम एकदम पडले तरी केएच चार अंशांनी उसळेल आणि पीएच वेड्यासारखा वर जाईल. २१ ग्रॅम पडले असते तर सकाळी मासे मोजत बसलो असतो. फ्लोटमध्ये गोगलगाय अडकते, हे लक्षात ठेवा. एकदा अडकली आहे.

याला एक मर्यादा आहे. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. तुमचं पाणी रोज अर्धाच लिटर उडत असेल आणि दीड ग्रॅमची गरज असेल, तर निवळीने ते जमणार नाही. मग उरलेली भरपाई सोड्याने करायची, आणि कॅल्शियमसाठी अधूनमधून कॅल्शियम क्लोराइड, वेगळ्या वेळी, वेगळ्या कोपऱ्यात.

चुना पानाच्या टपरीवरचा नको, रंगकामाचाही नको; त्यात काय काय असतं देव जाणे. प्रयोगशाळेच्या किंवा मत्स्यालयाच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, हात आणि डोळे सांभाळा. आमच्याकडे डब्यावर मोठ्या अक्षरात 'चुना' लिहिलंय, कारण घरात लहान मूल आहे आणि निवळी दिसायला पाण्यासारखीच.

आत्ता ज्यांचा केएच सहाच्या खाली आहे त्यांच्यासाठी

कारण सापडेपर्यंत आकडा वर आणावाच लागेल, पण दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नको. माझं उदाहरण: ५.६ वरून ८, म्हणजे २.४. २०० लिटरला १४.४ ग्रॅम सोडा, तीन दिवसांत, रोज ४.८ ग्रॅम. शिवाय रोजचा खप आहेच, तो त्यात मिळवायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ८ ऐवजी सातच दिसतो आणि माणूस चिडून जास्त ओततो. लिटरभर साध्या आरओ पाण्यात विरघळवा, गरम पाण्यात नको. सम्पमध्ये जिथे प्रवाह जोरात आहे तिथे, हळूहळू, सकाळी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजून मगच पुढचा डोस.

पीएच आधीच कमी असेल, म्हणजे बंद घरातला ७.८ वगैरे, तर सोडा भाजून घ्या. ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर, पातळ थर पसरून. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातं, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, वजन शंभराचं त्रेसष्ट भरतं. १ डीकेएचला १०० लिटरमागे मग ३ ऐवजी १.९ ग्रॅम पुरतात. हा पीएच वर नेतो, साधा सोडा किंचित खाली. भाजलेला मात्र आणखी हळू ओता, नाहीतर ओतलेल्या जागी पांढरा ढग उठतो. तो ढग म्हणजे तुमचेच कॅल्शियम आणि केएच हातात हात घालून तळाला चाललेत.

सोडा मी जांभळी नाक्याहून किलोने आणतो, आणि दुकानदाराला वाटतं मी फरसाणवाला आहे. खाण्याचा सोडा एवढंच मागा. पापडखार नको. फ्रूट सॉल्ट नको, त्यात सायट्रिक आम्ल असतं. धुण्याच्या सोड्यात वास आणि इतर भर असू शकते, त्यापेक्षा घरी भाजलेला बरा. आईसाठी वेगळी बरणी भरून ठेवतो.

यंदा जुलैत केएच ७.९ ते ८.२ मध्येच फिरला. पंखा कपड्यांकडे होता. पण ऑक्टोबरचं सांगायचं राहिलं, आणि तिथे मी परत आपटलो. पाऊस थांबला, ऊन भाजायला लागलं, स्टँड गॅलरीत गेला आणि आईने न विचारता पंखा परत टाकीवर लावला. डब्यात पावसाळी निवळी, लिटरमागे एक ग्रॅमची. रोज साडेतीन लिटर जायला लागलं, म्हणजे दिवसाला खप वजा जाता एक अंश वर. दहा दिवसांचा डबा तिसऱ्या दिवशी तळाला दिसला तेव्हा केएच १०.६ होता. डबा रिकामा केला, साधं आरओ भरलं, बाकी काही केलं नाही; शेवाळाने सहा दिवसांत तो सव्वाआठवर आणून ठेवला. आता पंख्याच्या क्लिपलाच चिठ्ठी बांधली आहे: 'जागा बदलली तर आधी डबा बदला.'